अणुबॉम्बचा फॉर्म्युला नव्हताच, खरी मारामारी होती मालाची

अणुबॉम्बचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास येतात, एक आइन्स्टाइनचा फॉर्म्युला आणि दुसरी ओपनहायमरची गीता. गीतेकडे नंतर येऊ. फॉर्म्युल्याचं काय आहे की बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आइन्स्टाइनने ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर शोधलं, त्यावरून कोणीतरी बॉम्बचं गणित मांडलं आणि ते गणित अमेरिकेने तिजोरीत कुलूप लावून ठेवलं. असलं काहीही झालेलं नाही. तो फॉर्म्युला १९०५ पासून जगजाहीर होता आणि त्यातून एवढंच कळतं की अमुक इतक्या वस्तुमानात अमुक इतकी एनर्जी आहे, ती बाहेर कशी काढायची याबद्दल त्यात एक अक्षर नाही. आइन्स्टाइनचा या प्रकरणाशी संबंध म्हणजे प्रेसिडेंट रूझवेल्टना लिहिलेलं २ ऑगस्ट १९३९ तारखेचं एक पत्र, त्याचाही मजकूर मुख्यतः लिओ सिलार्ड या फिजिसिस्टचा, आइन्स्टाइनची सही. पुढे कामात घ्यायची वेळ आली तेव्हा त्याला सिक्युरिटी क्लिअरन्ससुद्धा मिळाला नाही.

फिजिक्सचा मुख्य भाग तर लपवण्यासारखा राहिलाच नव्हता. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन युरेनियमवर न्यूट्रॉन मारत होते आणि त्यातून त्यांना बेरियम मिळालं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या वजनाचा अणू. हे कसं शक्य आहे ते हानला कळेना, म्हणून त्याने आपली जुनी सहकारी लीझे माइटनर हिला पत्र टाकलं. ती ज्यू घरातली, नाझींपासून जीव वाचवून त्याच वर्षी स्वीडनला पळालेली. ख्रिसमसच्या सुट्टीत तिचा भाचा ओटो फ्रिश तिच्याकडे आला होता, तोही फिजिसिस्ट, तर मावशी-भाचे बर्फात फिरायला गेले आणि वाटेत एका ओंडक्यावर बसून कागदाच्या चिटोऱ्यांवर हिशोब करून आले की युरेनियमचं केंद्रक चक्क दुभंगतंय आणि प्रत्येक वेळी साधारण २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी निघतेय. कोळसा जळताना एका अणूमागे जेवढी एनर्जी निघते त्याच्या कोट्यवधी पट. जानेवारी १९३९ संपायच्या आत ही बातमी अमेरिकेत पोचली आणि लॅबमागून लॅबने प्रयोग करून खात्री करून घेतली. फुटताना दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते पुढचे अणू फोडू शकतात, म्हणजे साखळी सुरू होऊ शकते, हेही थोड्याच महिन्यांत छापून आलं. जर्मन, फ्रेंच, इंग्रज, रशियन, जपानी, ज्यांना कळायला हवं होतं त्या सगळ्यांना युद्धाच्या आधीच कळलं होतं.

मग घोडं अडलं कुठे, तर युरेनियम-२३५ वर. खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये दोन भावंडं असतात, २३८ आणि २३५, आणि साखळी पेटवायच्या कामाचं आहे ते २३५, जे असतं हजारात जेमतेम सात. उरलेलं २३८ बरेचसे न्यूट्रॉन गिळून बसतं. तांदूळ निवडताना खडा निदान वेगळा दिसतो हो, इथे हजार दाण्यांतले सात असे निवडायचे की ज्यांचा रंग तोच, आकार तोच, चव तीच, फक्त वजन एक टक्का आणि थोडं वर एवढंच कमी. केमिस्ट्री इथे कामाची नाही कारण केमिस्ट्रीच्या दृष्टीने दोघंही एकच. डॅनिश फिजिसिस्ट नील्स बोरचं म्हणणं होतं की आख्ख्या अमेरिकेचा कारखाना केल्याशिवाय हे होणं नाही. बॉम्बच्या कामातल्याच एडवर्ड टेलरने नंतर सांगितलेला किस्सा असा की बोर युद्धाच्या मधल्या काळात अमेरिकेत आला, सगळं बघितलं आणि म्हणाला, मी म्हटलं नव्हतं का, तुम्ही तेच केलंय.

या सगळ्याला गती मिळाली ती एका हिशोबामुळे. मार्च १९४० मध्ये बर्मिंगहॅमला तोच ओटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स यांनी बसून काढलं की शुद्ध २३५ मिळालं तर बॉम्बला किती लागेल. तोवर लोक टनांत बोलत होते, यांचं उत्तर आलं अर्धा किलोच्या आसपास. आकडा बराच कमी निघाला होता, खरी गरज त्याच्या कितीतरी पट, पण टनावरून किलोवर आल्यावर सगळा खेळच बदलला. यातली गंमत म्हणजे हे दोघं परदेशी, शत्रूदेशातून आलेले, त्यामुळे ब्रिटिशांनी त्यांना रडारच्या सिक्रेट कामात घेतलं नव्हतं आणि म्हणून यांच्याकडे असला विचार करायला वेळ होता!

आता अमेरिका. सप्टेंबर १९४२ मध्ये लेस्ली ग्रोव्ह्ज नावाच्या आर्मी इंजिनिअरकडे हे काम, म्हणजे मॅनहॅटन प्रोजेक्ट, आलं, हा माणूस त्याच्या आधी पेंटागॉनची बिल्डिंग उभी करून घेत होता. मला वाटतं या आख्ख्या गोष्टीतली सगळ्यात बोलकी निवड हीच, कारण फिजिसिस्टच्या डोक्यावर त्यांनी बसवला कोण, तर कन्स्ट्रक्शनवाला. पैसा कुठे गेला ते बघा म्हणजे कळेल. प्रोजेक्टचा खर्च त्या वेळचे साधारण दोन अब्ज डॉलर. त्यातला ६० टक्क्यांहून जास्त टेनेसीतल्या ओक रिजला, वीस-एकवीस टक्के वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला. आणि ज्याच्यावर सगळे बोलतात, जिथे लॅबचा प्रमुख ओपनहायमर, फाइनमन वगैरे मंडळी बॉम्ब बनवत होती, त्या न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसला चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वर पैसा फक्त माल तयार करायला.

कच्चा माल मिळायलाही नशीब लागलं. जगातलं त्या वेळचं सगळ्यात जबरदस्त युरेनियमचं खनिज बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीत, आणि त्या खाण कंपनीचा मुख्य एडगर सेंजिए याने आधीच धोका ओळखून हजार टनांच्या वर खनिज न्यूयॉर्कला पाठवून दिलेलं. ते स्टेटन आयलंडवर एका गोदामात पिंपांमध्ये पडून होतं. ग्रोव्ह्जने चार्ज घेतल्यावर त्याचा माणूस चौकशीला गेला तेव्हा कळलं की आपण जे जगभर शोधायला निघालोय ते इथेच न्यूयॉर्कमध्ये आहे. काँगोच्या खाणीत ते खनिज ज्यांनी खणून काढलं त्या मजुरांची नावं मात्र कुठल्याच कथेत येत नाहीत.

ओक रिजला त्यांनी एकाच कामासाठी वेगवेगळे कारखाने काढले, कारण कुठला चालेल ते कोणालाच माहिती नव्हतं. वाय-१२ मध्ये फिजिसिस्ट अर्नेस्ट लॉरेन्सची पद्धत. युरेनियमच्या संयुगाची वाफ करायची, तिला विजेचा भार द्यायचा आणि प्रचंड मॅग्नेटमधून सोडायची, हलका अणू जरा आतून वळतो, जड अणू जरा बाहेरून, आणि पलीकडे दोघांसाठी वेगवेगळे खिसे. कागदावर एकदम सोपं. पण एवढाल्या मॅग्नेटना वायर लागणार, तांबं युद्धात दुसरीकडे चाललेलं, म्हणून ठरलं चांदी वापरायची. प्रोजेक्टवरचा आर्मी इंजिनिअर कर्नल केनेथ निकोल्स अमेरिकन ट्रेझरीत गेला आणि त्याने सांगितलं की हजारो टन लागेल, तर तिथल्या साहेबाला टनाचा हिशोबच रुचेना, चांदी आम्ही औंसात मोजतो म्हणाला. शेवटी जवळजवळ १३ हजार मेट्रिक टन चांदी उसनी घेतली, तिच्या पट्ट्या करून मॅग्नेटला गुंडाळल्या, आणि काम झाल्यावर जवळपास सगळी परत केली, शेवटचा हप्ता १९७० साली. ड्रिलिंग करताना खाली पडलेला भुसासुद्धा गोळा करत होते म्हणे.

या ११५२ मशीन चालवायला पोरी बसवल्या होत्या. आजूबाजूच्या गावातल्या, हायस्कूल झालेल्या. समोर डायल, काटा इथून इथपर्यंत ठेवायचा, बाहेर गेला की नॉब फिरवायचा, बास. आपण काय बनवतोय याचा पत्ता नाही, विचारायचं नाही. मॅग्नेट इतके तगडे की केसातल्या पिना ओढल्या जायच्या. लॉरेन्सला वाटत होतं की मशीन त्याच्या पीएचडीवाल्यांनीच चालवावीत, तर निकोल्सने पैज लावली आणि पोरींनी जास्त माल काढून दाखवला. कारण सरळ होतं, काटा हलला की शास्त्रज्ञ "का हलला" याचा शोध घेत बसायचे, पोरी नॉब फिरवून काटा जागेवर आणायच्या. आपण काय करत होतो हे त्यांना कळलं हिरोशिमाच्या दिवशी, रेडिओवर.

दुसरा कारखाना के-२५. यू आकाराची बिल्डिंग, एकेक बाजू अर्ध्या मैलाची. इथे युरेनियम हेक्साफ्लोराइड नावाचा भयंकर खाऊन टाकणारा गॅस बारीक छिद्रांच्या निकेलच्या पडद्यातून ढकलायचा, हलका रेणू किंचित जास्त वेगाने पार होतो. किंचित म्हणजे एका टप्प्याला अर्धा टक्कासुद्धा फरक नाही. म्हणून टप्पे किती, तर जवळजवळ तीन हजार, एकामागे एक, आणि कुठेही लीक चालणार नाही. तो पडदा कसा बनवायचा यावर तर दोन वर्षं घासाघीस चालली होती, बिल्डिंग उभी राहत आली तरी पडदा तयार नव्हता. तिसरा एस-५०, तो घाईघाईत १९४४ मध्ये उभा केला. गंमत अशी की तिघांपैकी एकाच्याही जिवावर वेळेत काम झालं नसतं. मग शेवटी डोक्यात प्रकाश पडला की स्पर्धा कशाला, रांगेत लावा, एस-५० ने थोडं वाढवायचं, ते के-२५ ला द्यायचं, तिथून वाय-१२ मध्ये शेवटची सफाई. आणि मग तो माल न्यू मेक्सिकोला जायचा कसा, तर साध्या कपड्यातले आर्मी ऑफिसर, हातात बॅग, बॅगेत आतून सोन्याचा मुलामा दिलेले निकेलचे छोटे डबे, आणि पॅसेंजर ट्रेन.

दुसरा रस्ता प्लुटोनियमचा. जे २३८ आत्तापर्यंत कचरा वाटत होतं ते न्यूट्रॉन गिळतं आणि दोन पायऱ्यांनी प्लुटोनियम-२३९ होतं, जे २३५ सारखंच फुटतं. आणि प्लुटोनियम हे वेगळं मूलद्रव्य असल्यामुळे ते केमिस्ट्रीने वेगळं काढता येतं, ती वजनाची मारामारी नाही. फक्त त्यासाठी रिॲक्टर, म्हणजे अणुभट्टी, लागतो, आणि रिॲक्टर नावाची वस्तू तोवर जगात नव्हती. फिजिसिस्ट एन्रिको फर्मीने २ डिसेंबर १९४२ ला शिकागो युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमच्या स्टँडखाली, स्क्वॉश कोर्टात, ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून पहिली साखळी चालवून दाखवली. सकाळी सगळं रंगात आलेलं असताना साखळी थांबवणारा एक सेफ्टी रॉड आपोआप पडला, तर फर्मी म्हणाला चला, जेवून येऊ. जेवून आले आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला साखळी सुरू. पॉवर किती, अर्धा वॅट. नंतर त्यांच्यातल्या व्हिग्नरने आणलेली कियांती वाइनची बाटली कागदी कपातून सगळ्यांनी घेतली.

अर्ध्या वॅटवरून हॅनफर्डला उडी मारली ती २५ कोटी वॅटवर. कोलंबिया नदीचं गार पाणी हवं म्हणून ती जागा, तिथल्या शेतकऱ्यांना थोड्या मुदतीत उठवलं, नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे वानापम लोक होते त्यांनाही. इथला एक प्रसंग मला फार आवडतो. सप्टेंबर १९४४ च्या शेवटी बी रिॲक्टर सुरू केला, काही तास मस्त चालला, आणि मग पॉवर आपोआप उतरायला लागली. कोणी काही बंद केलेलं नाही. उतरत उतरत रिॲक्टर बंदच पडला. दुसऱ्या दिवशी आपोआप पुन्हा चालण्याच्या परिस्थितीत आला, पुन्हा वर, पुन्हा खाली. पाणी लीक होतंय का, नायट्रोजन शिरलाय का, सगळं तपासून झालं. तिथल्या जॉन व्हीलर या फिजिसिस्टने हा चढ-उतार घड्याळ लावून बघितला आणि ओळखलं की फुटलेल्या अणूंच्या तुकड्यांमधून असं काहीतरी तयार होतंय जे न्यूट्रॉन खातंय आणि काही तासांनी स्वतःच संपतंय. ते निघालं झेनॉन-१३५, साधारण नऊ तासांत निम्मं होणारं आणि न्यूट्रॉनसाठी अक्षरशः राक्षसी भूक असलेलं.

उपाय काय, तर जास्त युरेनियम घालून झेनॉनवर मात करायची. पण ते घालायला जागा पाहिजे ना! फिजिसिस्ट लोकांनी डिझाइन दिलं होतं साधारण १५०० नळ्यांचं, गोलाकार. हे बांधणाऱ्या ड्यूपाँट कंपनीच्या इंजिनिअरांनी मात्र नवीन गोष्ट आहे, हाताशी जास्तीचं असू दे म्हणून चौकोनाचे कोपरेही भरून घेतले होते आणि नळ्या २००४ केल्या होत्या, ज्याच्यावर तेव्हा शास्त्रज्ञ चिडले होते की हे उगाच वेळ आणि पैसा घालवतायत. त्या जादा नळ्या होत्या म्हणून हॅनफर्ड चाललं. नाहीतर रिॲक्टर पाडून पुन्हा बांधायला लागला असता आणि नागासाकीचा बॉम्ब ऑगस्टमध्ये तयार झालाच नसता. एका टन युरेनियममधून प्लुटोनियम निघायचं पाव किलोच्या आसपास, तेही जाड काँक्रीटच्या आड, पेरिस्कोपमधून बघत, यंत्राच्या हातांनी, कारण जवळ गेलं तर माणूस मरेल. त्यातून उरलेली घाण जमिनीखालच्या टाक्यांत भरली, युद्धानंतर भरतच राहिले, अशा १७७ टाक्या तिथे झाल्या आणि ती साफसफाई आजही चालू आहे.

लॉस अलामॉसला माल पोचायला लागला तेव्हा तिथे वेगळंच लचांड. युरेनियमसाठी ठरलं होतं की तोफेसारख्या नळीत एक तुकडा दुसऱ्यावर मारायचा. तेच प्लुटोनियमला करायचं होतं. पण १९४४ मध्ये एमिलिओ सेग्रेने रिॲक्टरमधून आलेलं प्लुटोनियम मोजलं तर त्यात प्लुटोनियम-२४० ची भेसळ, ते आपणहून फुटत राहतं आणि न्यूट्रॉन सोडतं, म्हणजे तुकडे नीट जवळ यायच्या आतच साखळी सुरू होऊन सगळं फुसकं निघणार. जुलै १९४४ मध्ये तोफेची आयडिया प्लुटोनियमसाठी रद्द. हॅनफर्डला एवढा पैसा ओतल्यावर! मग सगळी लॅब उलटीपालटी करून दुसऱ्या आयडियाच्या मागे लागले, की प्लुटोनियमच्या गोळ्याला चहूबाजूंनी स्फोटकांनी एकाच क्षणी आत दाबायचं. स्फोटाचा धक्का सगळीकडून एकसारखा आत जायला हवा, त्याचं गणित गणिती फॉन नॉयमनने आणि स्फोटकांचं काम किस्टियाकोव्स्कीच्या टीमने केलं.

हे चालेल याची खात्री नव्हती म्हणून टेस्ट. आणि टेस्टच्या वेळी जीव कशात अडकला होता, तर प्लुटोनियममध्ये. स्फोटकं फुटली आणि साखळी सुरूच झाली नाही तर महिनोन्‌महिने जमवलेलं प्लुटोनियम वाळवंटात उधळलं जाणार, म्हणून २०० टनांच्या वर वजनाचं एक अजस्र पोलादी भांडं बनवून घेतलं, जम्बो, की बॉम्ब त्याच्या आत फोडायचा म्हणजे फसला तरी माल खरवडून परत घेता येईल. रेल्वेने आणलं, मग खास ट्रेलरवरून वाळवंटात नेलं. तोपर्यंत हॅनफर्डचा माल जरा नियमित यायला लागला आणि जम्बो न वापरताच बाजूला लटकवून ठेवलं.

१६ जुलै १९४५, पहाटे ५ वाजून २९ मिनिटं, ट्रिनिटी, हे त्या टेस्टचं नाव. पावसामुळे दीड तास उशीर झालेला. साधारण ३० मीटरचा पोलादी टॉवर होता तो गायब, वाळू वितळून हिरवट काच झाली. फर्मीने धक्क्याची लाट यायच्या वेळी हातातून कागदाचे कपटे सोडले, ते किती लांब गेले ते मोजलं आणि १० हजार टन टीएनटी स्फोटकाएवढा स्फोट असं उत्तर काढलं. खरं त्याच्या दुप्पट-अडीचपट होतं, पण कपट्यांवरून एवढं म्हणजे वाईट नाही.

आणि हो, गीता. ओपनहायमरने बर्कलीला आर्थर रायडरकडे संस्कृत शिकून गीता मूळातून वाचली होती हे खरं. पण तो स्फोट बघून तिथे उभा राहून श्लोक म्हणाला असं जे फिरतं ते तसं नाही. अकराव्या अध्यायातली "कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो" ही ओळ आपल्याला तेव्हा आठवली असं त्याने वीस वर्षांनी १९६५ च्या टीव्ही इंटरव्ह्यूत सांगितलं. शेजारी असलेल्या त्याच्या भावाच्या आठवणीप्रमाणे तो म्हणाला एवढंच की चाललं. आपल्याकडे त्या ओळीचा अभिमान बाळगला जातो त्याचं मला कायम नवल वाटतं, अभिमान वाटावा असा तो प्रसंग आहे का?

टेस्ट गुप्त होती, आजूबाजूच्या वस्तीला आधी काही सांगितलं नाही, नंतर दारूगोळ्याचं कोठार उडालं अशी बातमी दिली. पण धूळ कोणाचं ऐकत नाही. कोडॅक कंपनीच्या फिल्मवर काळे ठिपके यायला लागले. त्यांच्या जुलियन वेबने माग काढला तर दोष फिल्मचा नाही, पॅकिंगच्या पुठ्ठ्याचा, आणि पुठ्ठा बनला होता हजारेक मैल लांब इंडियाना राज्यात नदीकाठच्या मिलमध्ये, ज्या नदीत पावसाबरोबर ट्रिनिटीची राख उतरली होती.

युरेनियमच्या बॉम्बची टेस्ट केलीच नाही. एक तर तोफेच्या पद्धतीची खात्री होती, आणि दुसरं म्हणजे टेस्टला माल होताच कुठे. ओक रिजने तोवर जे काही काढलं होतं ते जवळजवळ सगळं, ६४ किलो, त्या एकाच बॉम्बमध्ये गेलं.

हिरोशिमा, ६ ऑगस्ट. सकाळी सव्वासातच्या आधी हवामान बघायला आलेल्या विमानामुळे भोंगा झाला, साडेसातला धोका टळल्याचा इशारा, त्यामुळे लोक बाहेर पडलेले. कामावर निघालेले, आणि आगीचे पट्टे मोकळे करायला घरं पाडायच्या कामावर आणलेली हजारो शाळकरी पोरं उघड्यावर. ८ वाजून १५ मिनिटांनी एनोला गे विमानाने बॉम्ब टाकला, नेम टी आकाराच्या आयोई पुलावर, फुटला थोडा बाजूला, शिमा हॉस्पिटलच्या वर साधारण ६०० मीटरवर. ६४ किलोतलं एक किलोसुद्धा युरेनियम फुटलं नाही, बाकीचं उधळलं गेलं. आणि आइन्स्टाइनच्या फॉर्म्युल्याप्रमाणे एनर्जीत बदललेलं वस्तुमान काढलं तर एक ग्रॅमही भरत नाही. तेवढ्यात १५ हजार टन टीएनटीचा स्फोट. खालच्या जमिनीचं तापमान ३००० अंशांच्या वर गेलं, कौलांवर बुडबुडे आले. बँकेच्या दगडी पायऱ्यांवर कोणीतरी बँक उघडायची वाट बघत बसलं होतं, आजूबाजूचा दगड उष्णतेने पांढुरका पडला आणि त्या माणसाच्या जागी काळपट डाग राहिला, तो दगड आता तिथल्या म्युझियममध्ये आहे.

भाजून आणि ढिगाऱ्याखाली मेले ते मेलेच, पण ज्यांना खरचटलंही नव्हतं असे लोक आठवड्या-दोन आठवड्यांनी आजारी पडायला लागले. केस हातात यायचे, अंगावर जांभळे ठिपके, हिरड्यांतून रक्त, ताप. डॉक्टरांना आधी वाटलं हगवणीची साथ. गॅमा किरण आणि न्यूट्रॉन यांनी अस्थिमज्जा मारली होती, नवीन रक्तपेशी बनायच्या बंद झाल्या, आणि जुन्या संपत गेल्या तसा एकेक माणूस गेला. हा नक्की अणुबॉम्बच आहे का ते ठरवायला जपानने आपला सगळ्यात मोठा अणुशास्त्रज्ञ योशिओ निशिना याला ८ तारखेला हिरोशिमाला पाठवलं. एक पुरावा मिळाला रेडक्रॉस हॉस्पिटलच्या तळघरात, बंद पाकिटातल्या न वापरलेल्या एक्स-रे फिल्म सगळ्याच्या सगळ्या काळ्या झाल्या होत्या. १९४५ संपेपर्यंत मेलेल्यांचा अंदाज १ लाख ४० हजारांच्या आसपास, त्यात जपानने कामाला आणलेले कोरियन लोकही खूप.

९ ऑगस्टचं टार्गेट नागासाकी नव्हतंच, कोकुरा होतं. विमानाने तीन फेऱ्या मारल्या, खाली ढग आणि धूर, नेम दिसेना, पेट्रोल कमी, म्हणून नागासाकी. ११ वाजून २ मिनिटं. सहा किलोच्या वर प्लुटोनियम, त्यातलं किलोभर फुटलं, २१ हजार टन टीएनटी, म्हणजे हिरोशिमापेक्षा मोठा, पण तो उराकामीच्या दरीत पडला आणि मधल्या डोंगरांनी अर्धं शहर वाचवलं. तरी वर्षअखेर ७० हजारांच्या वर माणसं गेली. त्सुतोमु यामागुची नावाचा इंजिनिअर कंपनीच्या कामासाठी हिरोशिमाला गेला होता, तिथे भाजला, कसाबसा घरी नागासाकीला आला, ९ तारखेला बँडेज बांधून ऑफिसला गेला आणि एका बॉम्बने शहर कसं जाईल असं म्हणणाऱ्या साहेबाला हिरोशिमाचं सांगत असतानाच दुसरा पडला. तो ९३ वर्षांचा होऊन २०१० मध्ये गेला.

बॉम्ब टाकायलाच हवा होता का, यावर इतिहासकार अजून भांडतायत. मला स्वतःला पहिल्याचं समर्थन करणारे लोक निदान समजू शकतात, दुसरा तीनच दिवसांत का, मधे रशियानेही युद्ध पुकारलेलं असताना, याचं पटणारं उत्तर मला कधी मिळालं नाही. शिकागोच्या शास्त्रज्ञांमध्येही विरोध होता, ज्याने पत्र लिहून सगळं सुरू केलं त्याच सिलार्डने जुलैमध्ये विरोधाच्या अर्जावर ७० जणांच्या सह्या घेतल्या होत्या. लॉस अलामॉसचा फिजिसिस्ट जोसेफ रॉटब्लॅट तर जर्मनीकडे बॉम्ब नाही हे कळल्यावर १९४४ च्या शेवटी काम सोडून निघून गेला.

आता परत मालाकडे. हिरोशिमानंतर आठवडा व्हायच्या आत, १२ ऑगस्टला, अमेरिकन सरकारने स्वतःच स्माइथ रिपोर्ट प्रसिद्ध केला, त्यात या सगळ्यामागचं फिजिक्स उघड लिहिलेलं. झाकून ठेवलं ते मुख्यतः कारखान्याचं, पडदे कसे बनवले, धातू कसा घडवला, रसायनं कुठली. रशियाला लॉस अलामॉसमधला हेर क्लाउस फुक्स याच्याकडून नागासाकीच्या बॉम्बची बरीच माहिती मिळाली होती, तरी त्यांना स्वतःचा बॉम्ब फोडायला ऑगस्ट १९४९ उजाडला, कारण युरेनियम कुठे होतं त्यांच्याकडे, जर्मनीतून शंभर टनांच्या वर उचलून आणलं तेव्हा गाडी हलली. जर्मनीकडे हायझेनबर्ग होता, हान होता, डोकी कमी नव्हती, ओक रिज नव्हतं.

आपल्याकडचीही तीच गोष्ट. होमी भाभांनी टाटा ट्रस्टला संस्थेसाठी पत्र लिहिलं मार्च १९४४ मध्ये, हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधी, आणि त्यात अणुऊर्जेसाठी पुढे आपल्याला परदेशातून तज्ज्ञ आणावे लागू नयेत असं स्पष्ट म्हटलं होतं. तज्ज्ञ तयार झाले, १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा रिॲक्टर इथल्या लोकांनी बांधला, पण त्यातलं इंधन ब्रिटनमधून आलं. १९७४ च्या पोखरणचं प्लुटोनियमसुद्धा ट्रॉम्बेच्याच सायरस रिॲक्टरमधलं, जो कॅनडाच्या मदतीने उभा राहिला होता, आणि त्यावरून पुढे जगाने आपल्याला माल द्यायचा बंद केला तो अनेक वर्षं.

नागासाकीनंतर तिसऱ्या बॉम्बचा प्लुटोनियमचा गोळा जवळजवळ तयार होता, ग्रोव्ह्जने कळवलं होतं की १७-१८ ऑगस्टनंतर कधीही टाकता येईल. १० तारखेला प्रेसिडेंट ट्रूमनने माझ्या परवानगीशिवाय आता नाही असं सांगितलं आणि गोळा लॉस अलामॉसलाच राहिला. साधारण नऊ सेंटीमीटरचा, वजन सहा किलोच्या वर. २१ ऑगस्टला रात्री एकटाच प्रयोग करत असलेल्या हॅरी डॅग्लियनच्या हातून एक जड वीट त्याच्यावर पडली, क्षणभर साखळी पेटली, २५ दिवसांनी तो गेला, वय २४. नऊ महिन्यांनी लुई स्लोटिन त्याच गोळ्यावर दोन अर्ध्या वाट्यांच्या मधे स्क्रू ड्रायव्हर धरून प्रयोग दाखवत होता, स्क्रू ड्रायव्हर निसटला, निळा झोत, नऊ दिवसांत तोही गेला. लोक त्याला राक्षसी गोळा म्हणायला लागले, पण टाकून थोडाच देणार होते, एवढ्या मेहनतीचं प्लुटोनियम. त्याच वर्षी तो वितळवला आणि त्याचा माल दुसऱ्या बॉम्बच्या गोळ्यांत वापरला.